पित्त वेगळं, पित्ताशय वेगळं

वाचकांचे प्रश्न : पित्ताशयाचं आरोग्य आणि आहार

या वेळी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली, आणि त्यातला निम्मा गोंधळ एकाच शब्दाचा आहे. छातीत जळजळलं, आंबट ढेकर आली, की आपण ‘पित्त झालं’ म्हणतो. तो त्रास जठरातल्या आम्लाचा. पित्ताशयात असतो तो पित्तरस : हिरवट-पिवळा, कडू, यकृतात तयार होणारा. यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस बनवतं. त्यातला काही यकृताच्या खाली चिकटलेल्या, जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर मावणाऱ्या पिशवीत आटवून साठवला जातो. ही पिशवी म्हणजे पित्ताशय. जेवणातलं तेल-तूप लहान आतड्यात पोचलं की तिथून एक संप्रेरक रक्तात सुटतं, पिशवी आवळते आणि रस आतड्यात उतरून स्निग्ध पदार्थ पचवायला मदत करतो. आयुर्वेदातला पित्त हा दोष म्हणजे आणखी तिसरी गोष्ट. हे तीन अर्थ एकमेकांत मिसळल्यामुळे पित्ताशयाचं दुखणं वर्षानुवर्षं आम्लपित्ताच्या गोळ्यांखाली झाकलं जातं, म्हणून पहिला प्रश्न त्याचाच घेतला आहे.

गेल्या वर्षभरात चार-पाच वेळा रात्री अकरा-बाराच्या सुमारास पोटाच्या वरच्या भागात असह्य दुखलं. दर वेळी रात्रीच्या जेवणात वरण-बट्टी नाहीतर शेवभाजी होती. सासूबाई म्हणतात पित्तच आहे. सोड्याची पुडी घेते, दोन-तीन तासांत थांबतं. आणखी काय करू?
– गृहिणी, वय ४२, अमळनेर

पुडीने थांबत असतं तर पंधरा-वीस मिनिटांत फरक पडला असता. दोन-तीन तासांनी थांबतं ते आपोआप. पित्ताशयात खडा असेल, तर तेलकट जेवणानंतर पिशवी आवळते तेव्हा तो तोंडाशी अडकतो. पिशवी जोर लावत राहते, ते हे दुखणं. खडा पुन्हा मागे सरकला की दुखणं थांबतं, आणि आपल्याला वाटतं पुडी लागू पडली.

आम्लाचा त्रास जळजळीचा असतो, घशाकडे चढतो, वाकलं किंवा आडवं झालं की वाढतो. खड्याचं दुखणं बरगड्यांखाली उजवीकडे किंवा मधोमध सुरू होतं, पाठीत उजव्या खवाट्याकडे जातं, अर्ध्या तासापासून पाच-सहा तासांपर्यंत एकसारखं राहतं, आणि कूस बदलून कमी होत नाही. तुमचं वर्णन या दुसऱ्या प्रकाराचं आहे.

पोटाची सोनोग्राफी करून घ्या. त्याआधी ६ ते ८ तास काही खायचं नाही, आणि दुधाचा चहासुद्धा घ्यायचा नाही. हे लोक हमखास चुकतात. दुधातल्या चरबीने पिशवी रिकामी होते आणि आकसलेल्या पिशवीत बारीक खडे दिसत नाहीत. सोबत यकृताच्या रक्ततपासण्या कराव्यात. चाळिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः मधुमेह असेल तर, ईसीजीही काढावा. हृदयाचं दुखणंही पोटाच्या वरच्या भागात जाणवू शकतं.

दुखणं सहा तासांपुढे गेलं, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद चहासारखी किंवा शौच मातकट पांढरट झालं, उलट्या थांबेनात, यांपैकी काहीही झालं तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. खडा मुख्य नळीत उतरला असेल किंवा पिशवीला सूज आली असेल. दुखणं छातीत, हातात वा जबड्यात असेल आणि दरदरून घाम येत असेल, तरी लगेच दवाखाना गाठा.

खडे निघाले आणि दुखणं त्यांचंच ठरलं, तर खरा उपाय शस्त्रक्रियेचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया मुंबईत १९९० साली सुरू झाली. आज ती मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. आहाराने मधल्या काळातले झटके कमी होतात, पण खडा जात नाही.

माझ्या सोनोग्राफीत ८ मिलिमीटरचा एक खडा दिसला. त्रास काहीच नाही. एकाने सांगितलं, ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस एकत्र करून रात्री प्या, सकाळी खडे पडतात. त्याने स्वतः पडलेले हिरवे खडे दाखवले. करून पाहू का?
– केळी उत्पादक, रावेर तालुका

करू नका. त्यांनी दाखवलेले गोळे खरे आहेत, पण ते पित्ताशयातले नाहीत. एका वेळी अर्धा-एक पेला तेल आणि लिंबाचा रस पोटात गेला की आतड्यात तेलाचे साबणासारखे मऊ गोळे होतात, आणि पित्तरसाने त्यांना हिरवा रंग येतो. गरम पाण्यात टाकले तर ते वितळतात. कोलेस्टेरॉलचा खडा तसा वितळत नाही.

तुम्ही ठिबक वापरत असाल, म्हणून त्याच भाषेत सांगतो. नळ्यांत क्षार साचले की आपण आम्ल सोडतो आणि ड्रिपर मोकळे होतात. लिंबाच्या सल्ल्यामागे हाच विचार असतो. पण ठिबकमधला क्षार चुन्याच्या जातीचा, तो आम्लात विरघळतो. पित्ताशयातला खडा बहुतेक वेळा कोलेस्टेरॉलचा, आणि कोलेस्टेरॉल आम्लात विरघळत नाही. शिवाय लिंबाचा रस पित्ताशयात पोचतच नाही. तो जठरातून आतड्यात जातो. पित्तरसाचा रस्ता एकाच दिशेचा आहे : यकृताकडून आतड्याकडे.

धोका तेलाचा आहे. एवढं तेल एकदम गेल्यावर पिशवी जोराने आवळते. मुख्य पित्तनलिकेची रुंदी साधारण ६ मिलिमीटर. खडा तिच्यात जाऊन अडकला तर कावीळ होते. त्याहून वाईट म्हणजे, जिथे ही नळी आतड्यात उघडते तिथेच स्वादुपिंडाची नळीही येते, आणि स्वादुपिंडाला सूज आली तर जिवावर बेतू शकतं. आज शांत असलेल्या खड्याला उगाच डिवचण्याचं हे काम आहे.

शांत खड्याला सहसा शस्त्रक्रिया लागत नाही. अशा १०० जणांपैकी वर्षाला साधारण १ ते ४ जणांनाच त्रास सुरू होतो. ३ सेंटिमीटरपेक्षा मोठा खडा, पिशवीच्या भिंतीत साचलेलं कॅल्शियम, १ सेंटिमीटर वा त्याहून मोठा पॉलिप (भिंतीवर आतून वाढलेला कोंब) असं काही अहवालात असेल तरच सर्जनशी लवकर बोलावं. खडा विरघळवण्याची गोळी मिळते, अर्सोडीऑक्सिकोलिक आम्लाची. पण ती चालते बारीक, कॅल्शियम नसलेल्या, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर आणि पिशवी नीट आवळत असेल तर. सहा महिने ते दोन वर्षं घ्यावी लागते, आणि थांबवल्यावर पाच वर्षांत जवळपास निम्म्या लोकांत खडे पुन्हा होतात. त्रास नसताना तिच्यामागे लागण्यात अर्थ नाही.

खडे होऊच नयेत म्हणून रोजच्या जेवणात काय बदल करावा? आमच्याकडे भरीत, शेवभाजी, वरण-बट्टी याशिवाय पाहुणचार होत नाही. तेल पूर्ण बंद करायचं का?
– अंगणवाडी सेविका, धरणगाव. आणि अशाच आशयाची आणखी बरीच पत्रं

तेल पूर्ण बंद करू नका. पित्तरसात कोलेस्टेरॉल जास्त झालं आणि तो पिशवीत फार वेळ पडून राहिला, की त्याचे स्फटिक बनतात. स्फटिकांना स्फटिक चिकटून खडा होतो. जेवणात चरबीच नसेल तर पिशवी आवळत नाही आणि रस साचून राहतो. एका जेवणात साधारण १० ग्रॅम चरबी गेली तर पिशवी बरीच रिकामी होते. १० ग्रॅम म्हणजे चहाचे दोन चमचे तेल. वरचं तेल-तूप माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर पुरतं. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर खरी गडबड तिथे आहे.

शेवभाजीचा हिशेब मांडून पाहा. तळलेल्या शेवेत १०० ग्रॅममागे ३५-४० ग्रॅम तेल असतं. ताटात ५० ग्रॅम शेव पडली की १८-२० ग्रॅम झालं. वर तर्री, आणि वाटणातलं सुकं खोबरं, ज्यात ६० टक्क्यांहून जास्त चरबी. एका वाढपात सहज ५० ग्रॅम होतात. हीच भाजी माणशी २५ ग्रॅम शेव धरून करा. अर्ध्या खोबऱ्याऐवजी भाजलेलं डाळं वाटा, रस्सा तेवढाच दाट होतो. तेल चौघांत पोह्याचे दोन चमचे. कांदा-लसूण तव्यावर कोरडा भाजून घेतला की काळ्या मसाल्याचा वास तेलावाचून उठतो. लाल तर्री हवीच असेल तर मिरचीपूड शेवटी चमचाभर गरम तेलात टाकून वर सोडा. तिखटाने खडे होत नाहीत. तिखट जठराला झोंबतं, हा मुद्दा वेगळा.

भरीत मुळात चांगलं आहे. भरताची वांगी तुराट्यांवर वा पऱ्हाट्यांवर भाजली, मिरची-लसणाबरोबर बडगीत ठेचली, इथपर्यंत त्यात तेलाचा थेंब नाही. चूक फोडणीत होते. एक किलो वांग्यांना वाटीभर तेल ओततात, त्यातच शेंगदाणे तळतात. पाच माणसांच्या भरताला पोह्याचे तीन चमचे तेल पुरे. दाणे भाजून घाला, कांद्याची पात भरपूर घाला. आणि सोबत पुरी नको, कळण्याची भाकरी घ्या. ज्वारी आणि सालासकट उडीद, दोन्हींत तंतू भरपूर. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम तंतू असतात. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू पोटात जावेत : दोन-तीन भाकरी, एक वाटी मठाची वा मुगाची उसळ, अंबाडी किंवा मेथीसारखी पालेभाजी आणि एक फळ. केळी बिनधास्त खा, त्यात चरबी जवळजवळ नाही. केळ्याचे वेफर्स मात्र तळलेले, शंभर ग्रॅमला ३० ग्रॅमच्या आसपास तेल पिणारे. नाव केळ्याचं असलं तरी ते तळणातच मोजा.

बट्टी उकडून झाल्यावर तळायची गरज नसते. उकडलेले तुकडे तव्यावर चमचाभर तुपात खरपूस करा, आणि वरणावर तूप ओतण्याऐवजी चमच्याने मोजून घ्या. तूप की शेंगदाणा तेल, असंही दोघींनी विचारलं आहे. पित्ताशय आवळायला दोन्ही सारखीच. महत्त्वाचं ते प्रमाण.

वजन, मधुमेह, बसून राहणं आणि साखर यांचाही खड्यांशी संबंध आहे. बायकांमध्ये इस्ट्रोजेनमुळे, वारंवार बाळंतपणांमुळे आणि काही संप्रेरकांच्या गोळ्यांमुळे धोका वाढतो. घरात आई-मावशीला खडे झाले असतील तर जास्तच जपावं. रोज मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे खाणाऱ्यांत खड्यांचं प्रमाण कमी आढळलेलं आहे. आपल्याकडे ते सोपं आहे. पण तेवढे दाणे खाल्ले की १४ ग्रॅम चरबी पोटात गेली. ती दिवसाच्या तेलातून वजा करायला विसरू नका.

ज्यांना खडे आहेत आणि दुखतंही, त्यांच्यासाठी वेगळं. शस्त्रक्रिया होईपर्यंत दिवसाची एकूण चरबी ३०-४० ग्रॅमवर ठेवा, आणि तीही चार छोट्या जेवणांत वाटून. एका बसणीला मोठं तेलकट जेवण नको, लग्नातलं तर मुळीच नको.

नवरात्रात नऊ दिवस फक्त पाणी, चहा आणि एखादं फळ घेते. शिवाय दोन महिन्यांत १५ किलो वजन कमी करायचं ठरवलं आहे. पित्ताशयाला यामुळे आराम मिळतो ना?
– शिक्षिका, धुळे

आराम मिळतो, आणि तोच त्याला बाधतो. पिशवी नऊ दिवस न आवळता बसली की आतला रस आटून दाट होतो, गाळासारखा होतो. त्यातच वजन झपाट्याने उतरलं की साठवलेल्या चरबीतलं कोलेस्टेरॉल यकृतामार्फत पित्तरसात येतं. म्हणजे एकीकडे कोलेस्टेरॉल वाढलेलं आणि दुसरीकडे पिशवी निजलेली. आठवड्याला दीड किलोहून जास्त वजन उतरलं तर खड्यांचा धोका स्पष्टपणे वाढतो. दोन महिन्यांत १५ किलो म्हणजे आठवड्याला पावणेदोन किलोच्या वर. अर्धा ते एक किलोवर थांबा. तेवढं उतरायला चार ते सात महिने लागतील, लागू द्या.

उपवास सोडा असं म्हणत नाही. दिवसातून एकदा भगर आणि दाण्याची आमटी घ्या. माणशी मूठभर दाण्यांचं कूट असलं की पिशवी रिकामी करायला लागते तेवढी चरबी त्यात येते. साबुदाण्याच्या खिचडीला सगळे नावं ठेवतात, पण निव्वळ चहा-केळ्यापेक्षा पित्ताशयाला वाटीभर खिचडी बरी, दाणे आहेत म्हणून. तिचा दोष निराळा : नुसता स्टार्च, रक्तातली साखर चढवणारा.

इथेच एक गोष्ट शेतावर जाणाऱ्या बायांसाठी. रात्री आठला जेवण, सकाळी बिनन्याहारीचा चहा आणि कापूस वेचून दुपारी एकला शिदोरी सोडायची, म्हणजे सतरा तासांचा लंघनच झाला, तोही रोजचा. निघताना अर्धी भाकर आणि दाण्याची चटणी खाल्ली तरी हा खंड तुटतो. सगळ्या उत्तरांतला हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि आम्हाला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

थोडक्यात उत्तरं

*पानफुटी आणि हुलग्याचं कढण (चोपडा)* : हे उपाय मूतखड्यासाठी सांगितले जातात. तो मूत्रमार्गातला, पाण्याच्या वाटेवरचा. पित्ताशय त्या वाटेवर नाही, म्हणून दिवसाला चार लिटर पाणी प्यायल्यानेही पित्ताचा खडा पडत नाही. हुलगे डाळ म्हणून जरूर खा.

*हळदीच्या कॅप्सूल (शिरपूर)* : भाजीतली हळद चालेल. कॅप्सूलमधल्या मोठ्या मात्रेने पित्ताशय आवळतं, त्यामुळे खडे असतील तर नको. अशा कॅप्सूलनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत.

*कॉफी (जळगाव)* : दिवसाला दोन-तीन कप पिणाऱ्यांत खडे काहीसे कमी आढळतात. पीत असाल तर चालू ठेवा, मुद्दाम सुरू करू नका. चहाबद्दल असं सांगता येत नाही.

*कावीळ उतरवणं, गावठी पाला (साक्री)* : विषाणूची कावीळ बहुधा आपोआप बरी होते, म्हणून पाल्याला यश मिळाल्यासारखं वाटतं. खड्याने नळी तुंबून झालेली कावीळ तशी बरी होत नाही, तिच्यात ताप चढून रक्तात जंतू पसरू शकतात. कावीळ दिसली की आधी सोनोग्राफी आणि रक्त.

आमच्या शाळेतली चौदा वर्षांची मुलगी सिकलसेलची रुग्ण आहे. तिला पित्ताशयात खडे निघाले. इतक्या लहान वयात, सडपातळ, तळलेलं क्वचितच खाणारी. असं कसं? आहारात काय द्यावं?
– आश्रमशाळा शिक्षक, धडगाव तालुका

हे खडे चरबीचे नाहीत. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यांतून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य भरमसाट निघतं आणि त्याचे काळे खडे बनतात. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल बऱ्याच प्रमाणात आहे, म्हणून आपल्याकडे लहान मुलांतले खडे पाहताना हे आधी लक्षात घ्यावं लागतं. तेल कमी केल्याने हे खडे टळत नाहीत, आणि वर सांगितलेल्या, खडा विरघळवण्याच्या गोळीने विरघळतही नाहीत. उलट, वाढत्या मुलीचं तेल-दाणे तोडले तर नुकसानच होईल. पोटभर जेवण, भरपूर पाणी, डॉक्टरांनी दिलेल्या फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या न चुकता, हे तिच्यासाठी महत्त्वाचं. रक्त कमी आहे म्हणून लोहाची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. वारंवार रक्त भरलेल्या मुलांत लोह आधीच साचलेलं असू शकतं.

अशा मुलांचे डोळे एरवीही थोडे पिवळे असतात, म्हणून नवी कावीळ नजरेतून सुटते. तुम्ही तिला रोज पाहता. नेहमीपेक्षा पिवळेपणा वाढला आणि सोबत उजवीकडे दुखणं किंवा ताप असला, तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात पाठवा. दुखत असेल तर शस्त्रक्रिया ठरवून, तयारीनिशी करतात. आधी गरजेप्रमाणे रक्त भरतात, शरीरातलं पाणी, ऊब आणि ऑक्सिजन सांभाळतात. म्हणून रक्तपेढी आणि सिकलसेलचा अनुभव असलेलं रुग्णालयच निवडावं, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना तिचं सिकलसेलचं कार्ड आधी दाखवावं.

महिन्यापूर्वी पित्ताशय काढलं. जेवलो की लगेच शौचाला जावं लागतं. रात्रपाळी असते, पंचाईत होते. आता जन्मभर तूप बंद का? घरी कानबाईच्या सणाचे रोट आहेत.
– रेल्वे कर्मचारी, भुसावळ

जन्मभर बंद नाही. यकृत पित्तरस बनवतंच आहे, फक्त साठवायची पिशवी गेली. आता तो दिवसभर थेंबथेंब आतड्यात येत राहतो. काही जणांत तो मोठ्या आतड्यापर्यंत पोचून पातळ शौच होतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत स्थिरावतं. तोवर तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच लहान करा, पाळीवर डबा दोनदा अर्धा-अर्धा खा, एका वेळी तेल-तूप दोन चहाच्या चमच्यांपुढे नको. चहाचा एक चमचा इसबगोल पेलाभर पाण्यात, रोज एकदा. तो पाणी धरून ठेवतो. बाकीच्या गोळ्या आणि त्यात दोन तासांचं अंतर ठेवा. पाळीवरची कॉफी आणि दुधाचा चहा आठवडाभर निम्म्यावर आणून पाहा. आणखी महिनाभरात फरक पडला नाही तर सर्जनना सांगा, आतड्यातलं पित्त बांधून ठेवणारी पूड मिळते. ताप, कावीळ किंवा पूर्वीसारखं दुखणं परत आलं, तर मात्र थांबू नका. नळीत एखादा खडा मागे राहिलेला असू शकतो.

रोटांच्या दिवशी दुपारी एक पुरणपोळी, वर चहाचा एक चमचा तूप, गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी कमी तेलाची. दुसरी पोळी संध्याकाळच्या जेवणात घ्या.